क्लोरीन आहे, पण कामावर नाही

केमिकल ब्रँचला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांत तुमचं एक स्थान ठरून जातं. कॉम्प्युटरवाल्याला सगळे बिघडलेला प्रिंटर दाखवतात, मेकॅनिकलवाल्याला स्कूटर, सिव्हिलवाल्याला गळका स्लॅब. आम्हाला पाणी दाखवतात. बोअरचं पाणी, टाकीचं पाणी, फिल्टरचं पाणी. माझ्या वाट्याला स्विमिंग पूलचं पाणी आलं.

मामाचा लोणावळ्याला बंगला आहे आणि मागच्या अंगणात छोटा पूल आहे. शनिवार-रविवार बंगला भाड्याने जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये मामाचा फोन आला, "अरे, रोज टेस्ट करतोय, क्लोरीन बरोबर तीन दाखवतंय. तीनच पाहिजे ना? मग पाणी हिरवं का होतंय? भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागतंय." मामा काही अडाणी माणूस नाही. वही घालून रोजचं रीडिंग लिहून ठेवणारा आहे. ती वही मी नंतर पाहिली, आपल्या बऱ्याच जणांच्या जर्नलपेक्षा नीट आहे. म्हणजे क्लोरीन कमी पडत होतं असं म्हणायला जागाच नव्हती. तरीही शेवाळ वाढत होतं, आणि मे महिन्याची सगळी बुकिंग लागलेली होती. येणाऱ्यांत निम्मी लहान मुलं.

या कोड्याचं उत्तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. थोडं फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत, थोडं थर्ड इयरच्या रिॲक्शन इंजिनिअरिंगमध्ये. ते तुकडे जोडण्यासाठी हा लेख.

सुरुवात क्लोरीनपासून. पूलमध्ये आपण ‘क्लोरीन टाकतो’ म्हणतो, पण द्रव हायपो टाका, पावडर टाका नाहीतर गोळी टाका, पाण्यात गेल्यावर त्याचं हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. जंतू मारणारा खरा गडी हाच. त्याचा एक जुळा भाऊ आहे, हायपोक्लोराइट आयन. हा भाऊ आळशी, जंतू मारायच्या कामात फारच ढिला. कोण किती असणार हे पीएच ठरवतो. पीएच साडेसातच्या आसपास असेल तर दोघे निम्मे-निम्मे. पीएच ८ वर गेला की कामाचा भाऊ साधारण चौथा हिस्साच उरतो. ७.२ ला तो दोन-तृतीयांशाच्या जवळ असतो. म्हणून पूलवाले पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा म्हणून मागे लागतात. इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे आणि व्हायवाला विचारतात.

पुस्तकात ठळक नसतं ते ऊन. हायपोक्लोराइट आयन सूर्यप्रकाशातले अल्ट्राव्हायोलेट किरण शोषतो आणि फुटतो. क्लोरीनचं बिनकामाचं क्लोराइड होऊन जातं, म्हणजे मिठातलं असतं ते. आणि दोघे भाऊ समतोलात असल्याने एक संपत गेला की दुसरा त्याची जागा भरायला जातो, म्हणजे तोही संपतो. मी हॉस्टेलच्या गच्चीवर दोन बादल्या ठेवून पाहिलं. दोन्हींत क्लोरीन ५ पीपीएम, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम. एकीत नुसतं क्लोरीन, दुसरीत वरून ३० पीपीएम स्टॅबिलायझर. दुपारी बारा ते दोन, एप्रिलचं ऊन. दोन तासांनी पहिल्या बादलीत १ पीपीएमसुद्धा उरलं नव्हतं. दुसरीत जवळजवळ ४ होतं. रूम पार्टनरने दोन्ही बादल्या आंघोळीला लागतात म्हणून प्रयोग तिथेच थांबवला, पण तोवर मुद्दा कळला होता. उघड्या पूलमध्ये सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारी मुलं पाण्यात उतरतात तेव्हा उडून गेलेलं असतं. त्याला सावली लागते.

ही सावली म्हणजे सायन्युरिक ॲसिड. बाजारात ‘स्टॅबिलायझर’ किंवा ‘कंडिशनर’ म्हणून मिळतं, पांढरी पावडर. नावात ‘सायन’ पाहून मामी घाबरली होती, पण सायनाइडशी त्याचं काही देणंघेणं नाही. कारखान्यात ते चक्क युरिया तापवून करतात. शेतात टाकतो तोच युरिया. त्याची विषारीपणाची पातळी बरीच कमी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ते पूलमध्ये वापरायला लागले आणि उघड्या पूलचं गणितच बदललं. दिवसातून दोन-तीनदा क्लोरीन ओतायचं काम एकदावर आलं.

ते काम कसं करतं ही गंमत नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा इथेच आहे. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला स्वतःला चिकटवून घेतं. चिकटलेल्या क्लोरीनवर उन्हाचा असर फार कमी होतो. पण चिकटलेलं क्लोरीन जंतूही जवळजवळ मारत नाही. मारतं ते सुटं असलेलं. हा बंध मात्र पक्का नाही, सुटं क्लोरीन खर्च झालं की चिकटलेल्यातलं थोडं लगेच सुटून त्याची जागा घेतं. बँकेचं उदाहरण देतो. सुटं क्लोरीन म्हणजे खिशातले पैसे, चिकटलेलं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. एफडीला ऊन लागत नाही, पण वडापाव खिशातल्या पैशांनीच येतो.

आता खिशात किती राहतात? पाण्यात स्टॅबिलायझर अजिबात नसेल, पीएच ७.५ असेल आणि क्लोरीन ३ पीपीएम असेल तर कामाचा भाऊ दीड पीपीएम. त्याच पाण्यात ३० पीपीएम स्टॅबिलायझर टाकलं की त्या क्षणी सुटं हायपोक्लोरस ॲसिड उरतं ०.०५ पीपीएमच्या आसपास. म्हणजे एकूण क्लोरीनच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर. पहिल्यांदा हा आकडा पाहिला की वाटतं, हे तर पाणी वाऱ्यावर सोडल्यासारखं झालं. पण तसं नाही. नेहमीच्या बॅक्टेरियांना एवढं थोडं क्लोरीनही पुरतं, आणि मागे एफडी उभी असल्याने ते संपत नाही. खिसा लहान, पण सतत भरलेला.

गडबड होते ती स्टॅबिलायझर वाढत गेलं की. सुटं क्लोरीन किती हे क्लोरीनच्या आकड्यावर ठरत नाही, क्लोरीन आणि स्टॅबिलायझर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. ३० ला ३ म्हणजे दहास एक. तेच क्लोरीन ३ ठेवून स्टॅबिलायझर १८० झालं तर गुणोत्तर साठास एक, आणि सुटं क्लोरीन सहापट कमी. शेवाळाची वाढ आणि क्लोरीनची मार यांच्यात शर्यत असते. सहापट कमी माऱ्याला शेवाळ हरत नाही, ते आरामात वाढतं. पूल सांभाळणाऱ्यांत एक व्यवहारी नियम आहे, क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के ठेवायचं. स्टॅबिलायझर ४० असेल तर क्लोरीन ३. स्टॅबिलायझर १८० असेल तर क्लोरीन साडेतेरा.

आणि टेस्ट किट हे सांगत नाही! डीपीडीची गुलाबी होणारी टेस्ट केली की रिएजंट आधी सुटं क्लोरीन खातो, त्याबरोबर चिकटलेलं सुटत जातं, तेही तो खातो. म्हणजे टेस्ट करतानाच एफडी मोडली जाते आणि आपल्याला खिसा अधिक एफडी अशी बेरीज दिसते. मामाच्या वहीतले तीन, तीन, तीन हे सगळे आकडे खरे होते. फक्त ते ज्या प्रश्नाचं उत्तर होते तो प्रश्न वेगळा होता. (स्वस्त किटमध्ये पिवळी होणारी टेस्ट असते, ती तर घामाशी आणि लघवीशी संयोग पावलेलं निरुपयोगी क्लोरीनही धरून आकडा देते. तिच्यावर विसंबूच नका.)

मग मी मामाला विचारलं, "मामा, क्लोरीन कुठलं वापरतोस?" म्हणाला, "गोळ्या. दोनशे ग्रॅमची एक, दर दोन दिवसांनी. सोपं पडतं, माळीकाका टाकतात."

उत्तर या गोळ्यांत होतं. त्या ट्रायक्लोरच्या असतात, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड. नाव मोठं आहे पण नावातच कबुली आहे. एका सायन्युरिक ॲसिडच्या रेणूवर तीन क्लोरीन बसवलेले. क्लोरीन वापरलं जातं, उन्हात जातं, संपतं. सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने तुटत नाही. पाणी वाफ होऊन जातं तेव्हाही ते मागेच राहतं. पूलमधून ते जातं मुख्यतः पाण्याबरोबरच, म्हणजे बॅकवॉशमध्ये, शिंतोड्यांत, गळतीत.

हिशोब मांडू. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे सुमारे ४५ हजार लिटर, आणि १ पीपीएम म्हणजे ४५ ग्रॅम. गोळीत वापरण्याजोगं क्लोरीन साधारण ९० टक्के, म्हणजे १८० ग्रॅम, म्हणजे ४ पीपीएम. रेणुभारावरून काढलं तर ट्रायक्लोरच्या दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. तेव्हा एका गोळीमागे २.४ पीपीएम. दोन दिवसांना एक गोळी, महिन्याला पंधरा, म्हणजे महिन्याला ३६ पीपीएम. मामा गोळ्या टाकत होता ऑक्टोबरच्या मध्यापासून. दर आठवड्याला हजार-अकराशे लिटर बॅकवॉश, म्हणजे महिन्याला दहा टक्के पाणी बदली धरलं, तरी सहा महिन्यांत आकडा १६० ते १७५ च्या घरात जातो.

कागदावरचं गणित आणि पूलमधलं पाणी यांत फरक असू शकतो म्हणून मोजायला गेलो. स्टॅबिलायझरची टेस्ट गमतीशीर आहे. पूलच्या पाण्यात मेलॅमाइनचं द्रावण मिसळलं की पांढरा गढूळपणा येतो. उभ्या नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो. गढूळ पाणी हळूहळू ओतत जायचं आणि वरून बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की त्या उंचीला लिहिलेला आकडा वाचायचा. स्टॅबिलायझर जितकं जास्त तितका ठिपका लवकर गायब. जाता जाता सांगतो, मेलॅमाइन आणि सायन्युरिक ॲसिडचे हेच न विरघळणारे स्फटिक २००७ मध्ये अमेरिकेत भेसळीच्या पाळीव प्राण्यांच्या खाद्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांत सापडले होते. दोन्ही पदार्थ एकेकटे तितके घातक नसताना एकत्र आले आणि प्राण्यांचे जीव गेले. म्हणून टेस्टचं पाणी पुन्हा पूलमध्ये ओतायचं नाही.

मामाच्या पाण्यात ठिपका नळीतल्या शंभराच्या खुणेच्या कितीतरी आधी गायब झाला. ही नळी शंभरापुढे वाचत नाही. पुष्कळ लोक इथे ‘शंभर’ लिहून मोकळे होतात. पूलचं एक भाग पाणी आणि साध्या पाण्याचे तीन भाग असं मिसळून पुन्हा केली. पंचेचाळीस आले. गुणिले चार, एकशे ऐंशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत सायन्युरिक ॲसिडची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. घरच्या उघड्या पूलला ३० ते ५० पुरतं.

आता यात राग येण्यासारखी गोष्ट अशी की पूलची केमिकल्स देणाऱ्या माणसाला मामाने मार्चमध्येच विचारलं होतं. त्याने दोन सल्ले दिले, गोळ्या रोज एक करा आणि शॉक पावडर मारा. गोळ्या दुप्पट म्हणजे स्टॅबिलायझरची भर दुप्पट. आणि ती शॉक पावडर डब्यावर वाचली तर डायक्लोर निघाली, ट्रायक्लोरची बहीण. तिच्यात तर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. म्हणजे जो रोग, तेच औषध, आणि दर वेळी बिल. त्या माणसाला माहीत नसेल असंही मी धरून चालतो, पण डबा विकणाऱ्याने डब्यावरचं लेबल वाचायला हरकत नसावी. सुदैवाने मामा काटकसरी. सल्ला ऐकला, पावडर आणली, पण वापरली एकदाच.

उपाय काय? स्टॅबिलायझर कमी करायचं तर पाणी बदलायचं, हाच भरवशाचा मार्ग. १८० चं ४५ करायचं तर चारातले तीन हिस्से पाणी काढायचं. ३४ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरला तर साडेतीन टँकर. पैशांचं मामाने लगेच मनात गणित केलं आणि ‘करून टाकू’ म्हणाला. त्या वेळी माळीकाका तिथेच उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, आमच्या वाडीला आठवड्याला एक टँकर येतो. तुमच्या दारात चार उभे राहिलेले सगळे बघतील." मामा गप्प झाला. मीही. सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे, हे आपण सगळ्यांनी ट्रेकला जाताना पाहिलेलं आहे. केमिस्ट्रीचं उत्तर बरोबर होतं, पण ते एप्रिलमध्ये लागू करण्यासारखं नव्हतं.

दुसरा मार्ग, पाणी तेच ठेवून क्लोरीन साडेतेरावर चढवायचं. गुणोत्तर सांभाळलं जातं, शेवाळही मरतं. पण भाड्याने येणाऱ्या लोकांच्या मुलांना तेरा-चौदा पीपीएमच्या पाण्यात उतरवायचं आणि ‘यातलं कामाचं थोडंच आहे हो’ असं समजावत बसायचं, हे मला पटलं नाही. शिवाय साधी डीपीडी टेस्ट दहाच्या वर गेली की रंगच फिका पडतो, कधी कधी पाणी पांढरंच राहतं आणि माणूस क्लोरीन नाही समजून अजून ओततो.

तिसरा मार्ग थर्ड इयरच्या सीएसटीआरमधून निघाला. सतत ढवळलेली टाकी, वरून स्वच्छ पाणी येतंय, तेवढंच मिसळलेलं पाणी कडेने वाहून जातंय. आत असलेल्या ट्रेसरची तीव्रता कशी घटते? परीक्षेत पाच मार्कांना असतं. लोणावळ्याला सरासरी पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वर. पूलचं तोंड ३२ चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ३२ लिटर. चार हजार मिलिमीटरला १ लाख २८ हजार लिटर, जवळजवळ पावणेतीन पूल भरतील एवढं पाणी, फुकट आणि थेट आकाशातून. ढवळलेल्या टाकीत उरणारा हिस्सा म्हणजे ‘ई’चा उणे (पाऊस भागिले खोली) एवढा घात. ४ भागिले १.४ म्हणजे २.८६, आणि उरतात सहा टक्क्यांहून थोडे कमी. १८० चे १०.

हेच गणित पुण्यात केलं तर? पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. अर्धा पूल. उरतात साठ टक्के, १८० चे ११०. म्हणजे पुण्यातल्या पूलला पावसाळा वाचवत नाही, तिथे स्टॅबिलायझर वर्षानुवर्षं साचत जातं. घाटमाथ्यावरच्या पूलला निसर्ग दर वर्षी कोरी पाटी देतो आणि मामा दर ऑक्टोबरला ती पुन्हा गोळ्यांनी भरतो! आदल्या वर्षांत मार्च-एप्रिलमध्ये पाणी ‘उगाचच’ बिघडायचं आणि दिवाळीला उत्तम असायचं, हे वहीत दिसत होतंच. दर वर्षी तेच चक्र.

म्हणजे पाऊस येईपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे मे महिना पूल बंद ठेवायचा, आणि इथे मामाशी खरी जुंपली. मेची कमाई वर्षातली सगळ्यात मोठी. मामा म्हणाला, "थोडं हिरवट तर आहे. ओढ्यात पोहत नव्हतो का आम्ही?" मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, वरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. जंतूंचा विचार त्यानंतर. दुसरी, जुलाब लागलेलं एखादं लहान मूल पाण्यात उतरलं तर काय. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला फार चिवट आहे. अमेरिकेच्या सीडीसीच्या हिशोबाने स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातही त्याला मारायला २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावं लागतं. आणि अशा प्रसंगी ही प्रक्रिया सुरू करण्याआधी स्टॅबिलायझर १५ पीपीएमच्या वर नको असं ते सांगतात. आपलं १८० आहे. म्हणजे अशी वेळ आली तर हाताशी काही उपायच नाही, पूल रिकामा करण्याशिवाय. मामाने रात्रभर विचार केला. सकाळी बुकिंगवाल्यांना फोन लावायला बसला, की पूल मिळणार नाही, हवं तर भाडं कमी करतो. दोन पार्ट्यांनी रद्द केलं, बाकीचे आले. त्यातल्या एका कुटुंबाने पत्ते कुटण्यात दोन दिवस काढले आणि जाताना बंगला छान आहे म्हणाले.

मे महिन्यात गोळ्या पूर्ण बंद केल्या. हायपो वापरलं, म्हणजे द्रव सोडियम हायपोक्लोराइट. ते रोज संध्याकाळी टाकून, पंप चालवून, भिंती घासून पाणी फक्त डास आणि शेवाळ यांच्यापासून सांभाळलं. पोहणारं कोणी नसल्याने क्लोरीन चढं ठेवायला हरकत नव्हती. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा माळीकाकांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. ओव्हरफ्लोचा पाइप पाल्याने तुंबू द्यायचा नाही. आणि पावसातही पंप रोज चालू ठेवायचा. कारण पंप बंद असेल तर पावसाचं पाणी वरच्या वर पसरून तसंच बाहेर जातं आणि खालचं पाणी जागच्या जागी राहतं. मग ती सीएसटीआर राहत नाही आणि ‘ई’चा घात उपयोगाचा नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नळी भरली. काठोकाठ भरली तरी काळा ठिपका दिसतच राहिला. म्हणजे वीसच्याही खाली. माळीकाकांना मी ठिपका दाखवला तर म्हणाले, "याच्यासाठी शिकतात होय कॉलेजात?"

आता पुढची घडी अशी बसवली आहे. ऑक्टोबरमध्ये ऊन सुरू झालं की गोळ्याच टाकायच्या, पण एकच महिना. त्या महिन्यात ३६ पीपीएम येतं, म्हणजे लागतं तेवढं स्टॅबिलायझर गोळ्यांतूनच मिळून जातं, वेगळी पावडर आणायला नको. (वेगळं टाकायचंच असेल तर ३० पीपीएमला या पूलमध्ये १ किलो ३५० ग्रॅम. ते लवकर विरघळत नाही, जुन्या मोज्यात बांधून पाणी परत येतं त्या तोंडापुढे लटकवायचं.) काळा ठिपका ४० ते ५० च्या मध्ये गायब व्हायला लागला की गोळ्या बंद, हायपो सुरू. दिवसाला २ पीपीएम म्हणजे ९० ग्रॅम क्लोरीन, दहा टक्क्यांच्या हायपोचं साधारण पाऊण ते एक लिटर. हायपोत सायन्युरिक ॲसिड नाही, मागे राहतं ते थोडं मीठ. तोटा एकच, कॅन उन्हात राहिला तर ताकद भराभर उतरते. म्हणून मोठा साठा नाही, सावलीत ठेवायचं, आणि टाकायचं संध्याकाळी. बॅकवॉशमुळे स्टॅबिलायझर थोडं थोडं कमी होतं, तेव्हा आठवड्यात एखादी गोळी चालते. सुट्टीला सगळे गावाला जाणार असतील तेव्हाही गोळी बरी. गोळी वाईट नाही, ती फक्त हिशोबात धरायला हवी.

कोणी विचारेल, साधी ब्लीचिंग पावडर का नाही? विहिरीत टाकतात की. टाकता येते, पण तिच्यात क्लोरीन तीसएक टक्के आणि बाकी बराचसा चुना. पाणी गढूळ, तळाला पांढरा गाळ, फिल्टर चोंदतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी मुळात जड, त्यात आणखी कॅल्शियम कशाला? कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे, ६५ ते ७० टक्केवाले, त्यामानाने चांगले. पण कॅल्शियमचा मुद्दा तिथेही आहेच.

एक गोष्ट विसरायच्या आत सांगतो, कारण सगळ्यात जास्त हीच ऐकू येते, "क्लोरीनचा फार वास येतोय, कमी टाका." पूलला येणारा तो डोळे चुरचुरवणारा वास बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन होतात, त्यांचा तो वास. म्हणजे तिथे क्लोरीन कमी पडलंय आणि लोक आंघोळ न करता उतरलेत. मामाने आता पूलशेजारच्या शॉवरवर मराठी आणि इंग्रजीत पाटी लावली आहे. मजकूर जरा कडक आहे, तो छापत नाही.

आणि साठवणीचं. पूलच्या शेडमध्ये आता ट्रायक्लोरच्या गोळ्या, पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपोचे कॅन असे तीन प्रकार आहेत. हायपोत ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट दोन्ही ‘क्लोरीनच’ असली तरी एकमेकांत मिसळली, विशेषतः ओलसर, तर पेट घेतात किंवा स्फोट होतो. एकाच डोझरमध्ये आधी हे, मग ते असं करणंही तेवढंच धोक्याचं. मामाने तिन्हींना तीन कोपरे दिले आहेत, मापं वेगवेगळ्या रंगांची आणली आहेत, आणि माळीकाकांनी प्रत्येक मापावर खिळ्याने कोरून ठेवलंय, कुठलं कशाचं.